भीमा-सीनेच्या संगमावरची तुळई

सोलापूर शहरातून विजयपूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले, की दक्षिण सोलापूर तालुक्याची काळी, भेगाळणारी रानं सुरू होतात. भाद्रपद-आश्विनात जमिनीत मुरलेल्या ओलीवर शाळू पेरायचा आणि फाल्गुनात काढायचा, हा इथला पूर्वापारचा क्रम. अलीकडे त्यात उसाचे पट्टे शिरले आहेत. मुख्य रस्ता सोडून भीमेकडे वळले, की सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग-कुडल लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावलेली सीना इथे भीमेला मिळते. भीमेच्या पलीकडच्या काठावर कर्नाटकाचा विजयपूर (पूर्वीचा विजापूर) जिल्हा, अलीकडे महाराष्ट्र.

संगमाला कानडीत कुडल म्हणतात, त्यामुळे या नावाचा घोटाळा होतो. बसवेश्वरांशी जोडलेले, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचे कुडलसंगम दूर बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि कोकणातले कुडाळ तर तिसरेच. भीमेकाठचे हे कुडल त्या दोहोंइतके कुणाच्या कानावर नाही. या भागात येणारा माणूस सिद्धेश्वराचे दर्शन घेतो, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर करतो आणि परततो. संगमावरच्या देवळांकडे वाट वाकडी करणारे थोडे. मला मात्र वाटते, की मराठी वाचता येणाऱ्या प्रत्येकाने हे गाव एकदा नकाशावर बोट ठेवून शोधावे. मराठीतले सर्वांत जुने कालनिश्चित वाक्य कोणते, या चर्चेत ज्या मोजक्या लेखांची नावे येतात, त्यांतला एक इथल्या संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवर कोरलेला आहे.

लेख जेमतेम अडीच ओळींचा. लिपी नागरी. त्यात शके ९४०, कालयुक्त संवत्सर असा काळ दिला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १०१८. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, इसवी सन १२९०ची. हा लेख तिच्याआधी २७२ वर्षे कोरला गेला. मधल्या ओळींच्या वाचनाबद्दल आणि अर्थाबद्दल अभ्यासकांत चर्चा चालू असते, पण शेवटचे वाक्य आजच्या मराठी माणसाला कुणी न शिकवताही उमगते: ‘वाछि तो विजेयां होइवा’. जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांत उच्चार बदलले, प्रत्यय बदलले, तरी वाक्याचा सांगाडा तोच राहिला आहे.

असे लेख तारखेसाठी किती विश्वासाचे, हा प्रश्न रास्त आहे. दगडावरचा एखादा अंक झिजतो, ९चा आकार ७सारखा दिसतो आणि शंभर-दोनशे वर्षांची गफलत होते. जुन्या लेखकांनी नकळत यावर एक तोडगा ठेवला आहे. ते नुसता शक देत नाहीत, संवत्सराचे नावही देतात. प्रभव, विभव, शुक्ल असे सुरू होणारे साठ संवत्सरांचे चक्र आपण आजही पाडव्याला पंचांगात वाचतो. दक्षिणेतल्या गणनेचा नियम सोपा आहे: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तो त्या वर्षाच्या संवत्सराचा क्रमांक. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२. ६०ने भागल्यावर बाकी ५२. बावन्नावे संवत्सर कालयुक्त. अंक आणि नाव एकमेकांची साक्ष देतात. (हाच हिशेब शके १९४६ला लावून पाहा, बाकी ३८ उरते आणि पंचांगात त्या वर्षी क्रोधी संवत्सर छापलेले होते.) शिलालेखाच्या अभ्यासातली ही पडताळणी मला फार आवडते. तिला ना प्रयोगशाळा लागते ना परवानगी. शाळेतले पोरही कागद-पेन्सिल घेऊन करू शकते.

हा लेख उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांचे. त्यांनी या जिल्ह्यातली गावे पिंजून काढली आणि देवळांच्या खांबांवर, पारांवर, शेतांच्या बांधांवर पडलेल्या लेखांचे ठसे घेतले. ठसा घेणे हे कष्टाचे काम आहे. आधी दगड पाण्याने आणि ब्रशने धुवायचा, खाचांत बसलेला चुना, शेंदूर, तेलाची पुटे निघेपर्यंत. मग ओला कागद दगडावर चिकटवायचा आणि जाड ब्रशने ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा. कागद अर्धवट वाळला, की शाईचा बोळा अलगद फिरवायचा. उंचवट्याला शाई लागते, खाचेला लागत नाही. काळ्या पानावर पांढरी अक्षरे उभी राहतात. तुळईवरचा लेख असेल तर हे सगळे मान वर करून, हात उंच धरून. पुस्तकात आपण ज्या अडीच ओळी सहज वाचतो, त्यांच्यामागे अशी मेहनत असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ: इथे मराठीत लेख का? १०१८ साली हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. गादीवर दुसरा जयसिंह, ज्याला जगदेकमल्ल म्हणत. राज्य लढायांनी ग्रासलेले होते. १००७च्या होट्टूरच्या लेखात चोळांची सेना विजापूर भागातल्या दोनूरपर्यंत येऊन मुलूख उद्ध्वस्त करून गेल्याची नोंद आहे. उत्तरेकडून माळव्याचा भोज परमार टपलेला होता आणि १०२०च्या सुमारास त्याने कोकण जिंकल्याचा उत्सव ताम्रपट देऊन साजरा केला. या चालुक्यांच्या कारभाराची आणि दानलेखांची भाषा कानडी, जोडीला संस्कृत. सोलापूर जिल्ह्यात त्या शतकांतले लेख सापडतात तेही बहुतांश कानडी. पुढे बाराव्या शतकात याच सोलापुरात, तेव्हाच्या सोन्नलगीत, सिद्धरामेश्वरांनी वचने रचली ती कानडीत. त्याच्याही आधी, नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कानडी ग्रंथाने कानडी मुलखाची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलेली आहे. अशा ठिकाणी, अशा वेळी, कुणीतरी मराठीत एक वाक्य कोरवले.

आणि ते वाक्य वाचणाऱ्याला उद्देशून आहे. माझ्या मते या लेखाचे सारे मोल त्यात आहे. दानलेखाचा शेवट सहसा धमकीने होतो. दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, अशा अर्थाचे संस्कृत श्लोक शेकडो ताम्रपटांत आहेत. मराठी लेखांत गद्धेगाळ येतो. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी दगडावर चित्रासकट कोरलेली असते. कुडलच्या लेखाने धाक घातला नाही, आशीर्वाद दिला, आणि तो राजाला किंवा दात्याला दिला नाही. वाचेल त्याला दिला. म्हणजे लेख कोरवणाऱ्याला खात्री होती, की कानडी राज्यातल्या या संगमावर स्नानाला, श्राद्धाला, देवदर्शनाला येणाऱ्यांत मराठी वाचणारी माणसे असतील, आणि पुढेही येत राहतील. एखादी भाषा कधीपासून बोलली जात होती, हे सांगणे कठीण. पण एका गावात ती वाचणारी माणसे गृहीत धरली जात होती, याचा हा तारखेसह पुरावा आहे.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. १०१८ साली भीमा ही कुठल्याही दोन राज्यांची सीमा नव्हती. दोन्ही काठ एकाच राजाचे. सीमा होती ती बोलीची, आणि बोलीची सीमा नदीच्या पात्रासारखी रेषेने काढता येत नाही. एकाच गल्लीत एका घरात कानडी, शेजारी मराठी, बाजारात दोन्ही, असे तिचे रूप. आजही दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत ते पाहायला मिळते.

जमिनीची हद्द मात्र सांगावीच लागते. जुन्या काळी ती सांगायची कशी, याची पद्धत जगभर बरीचशी सारखी दिसते. आपल्या ताम्रपटांत दिलेल्या गावाच्या चार बाजू सांगतात, त्याला चतुराघाट म्हणत: पूर्वेला अमुक ओढा, दक्षिणेला वारूळ आणि त्यालगतचा वड, पश्चिमेला तमक्या गावाची शीव. आजच्या खरेदीखतातली चतुःसीमा ही तिचीच नात. बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायापासून इस्राएलाच्या वंशांना वाटून दिलेल्या प्रदेशांच्या हद्दी अशाच सांगितल्या आहेत. रेषा एका टोकाला धरायची आणि तिच्यासोबत चालत जायचे: इथून चढते, तिथे वळते, अमुक गावाला वळसा घालते, समुद्राला मिळते. यहूदाच्या दक्षिण सीमेच्या वर्णनात कर्का नावाचे एक ठिकाण येते. संपूर्ण बायबलमध्ये त्याचा उल्लेख एवढा एकदाच. तिथे कुणी राजा जन्मला नाही, कुणी संदेष्टा बोलला नाही. सीमा तिथे वळली म्हणून नाव राहिले. ते नेमके कुठे होते हे अजून निश्चित झालेले नाही. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासक अशा नावांच्या मागावर पॅलेस्टाइनमध्ये हिंडत आले. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन विद्वान अरबी जाणणाऱ्या एलाय स्मिथला सोबत घेऊन फिरला. स्थानिक अरबी ग्रामनामांत जुनी हिब्रू नावे दडलेली आहेत, या धाग्यावरून त्यांनी अनेक विस्मृत ठिकाणे ओळखली. गावाचे नाव लोकांच्या तोंडी राज्यांपेक्षा जास्त टिकते, हे त्यांनी जाणले होते. कुडल हे कानडी नावही महाराष्ट्रात असेच टिकून आहे.

त्या मुलखातले कुडलच्या सर्वांत जवळचे उदाहरण कर्का नव्हे, गेजेर. जेरुसलेमच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, डोंगर संपून किनारपट्टीची सपाटी सुरू होते तिथली ही टेकडी. यहोशवाच्या पुस्तकात ती एफ्राईम वंशाच्या हद्दीवर येते आणि लगेच पुढे सांगितले आहे, की तिथल्या कनानी लोकांना एफ्राईमांनी घालवले नाही. ते त्यांच्यातच राहिले. पुढे राजांच्या पहिल्या पुस्तकात गेजेर पुन्हा येते. मिसरच्या फारोने ते जिंकून जाळले आणि शलमोन राजाला दिलेल्या आपल्या मुलीला आंदण म्हणून देऊन टाकले.

गेजेर कुठे, हे पुढे शतकानुशतके कुणाला ठाऊक नव्हते. जेरुसलेमच्या फ्रेंच वकिलातीतला शार्ल क्लेर्मों-गानो हा तरुण अभ्यासक पंधराव्या शतकातल्या मुजीरुद्दीन या इतिहासकाराची अरबी बखर वाचत होता. एका चकमकीच्या वर्णनात त्याला तल अल-जेझर हे नाव दिसले. त्यावरून १८७१ साली त्याने टेकडी नक्की केली. मोठमोठ्यांना ते पटेना. १८७४ साली त्याला टेकडीच्या भोवती, उघड्या खडकांवर कोरलेली अक्षरे सापडली. हिब्रूत ‘गेजेरची हद्द’, आणि त्याच खडकावर ग्रीकमध्ये ‘अल्कियोसची’. असे खडक पुढे डझनभर मिळाले. गाव आपल्या नावाची सही करून हजारो वर्षे तिथेच उभे होते. हे लेख शलमोनाच्या काळाचे नव्हेत, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांतले. अल्कियोस हा त्या वेळचा जमीनदार असावा. हद्दीच्या खडकावर दोन भाषा का? कारण हद्द ओलांडणारे लोक दोन भाषांचे होते.

याच गेजेरच्या उत्खननात १९०८ साली आर. ए. एस. मॅकॅलिस्टर यांच्या चमूला तळहातावर मावेल एवढी चुनखडीची पाटी मिळाली. इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातली, सात ओळींची. दोन महिने फळे-धान्य गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवसाचा, एक सातूच्या काढणीचा, असे शेतकऱ्याचे वर्ष तिच्यात मांडले आहे. हिब्रूच्या सर्वांत जुन्या लेखनात तिची गणना होते. ती निखळ हिब्रू की फिनिशियन, यावर वादही आहे, आणि हद्दीवरच्या गावातल्या भाषेबद्दल असा वाद होणारच. पाटी आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आंदणाची गोष्ट ऐकून सोलापूरच्या माणसाला आपल्या किल्ल्याची आठवण झाली असेल. बहामनी राज्य फुटल्यावर सोलापूर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या ऐन सरहद्दीवर आले. १५२४ साली इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झाले, तेही सोलापुरात. किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे आंदणात द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाहीत आणि त्यावरून दोन पिढ्या लढाया झाल्या. पुढे तालिकोटच्या १५६५च्या लढाईआधी दोन्ही घराण्यांची सोयरीक उलट दिशेने झाली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, आणि सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत विजापूरकडे गेला. फारो आणि शलमोन, निजामशहा आणि आदिलशहा. मधे अडीच हजार वर्षांचे अंतर, पण सरहद्दीवरच्या गावाचा उपयोग राजांना सारखाच सुचला. ज्या गावावरून भांडण आहे, तेच सोयरिकीत देऊन टाकायचे.

राजांच्या वाटाघाटीत गावांना मत नसते. गावाने स्वतःहून काय केले ते पाहायचे तर पुन्हा कुडलच्या देवळांत जावे लागते. संगमेश्वराच्या जवळच हरिहरेश्वराचे देऊळ आहे. ते कित्येक वर्षे मातीच्या ढिगाऱ्यात गाडले गेले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस ढिगारा उपसून ते मोकळे केले. बांधणी अकराव्या शतकाच्या सुमाराची, काळ्या बसाल्टातली. नाव पाहा: हरि आणि हर, विष्णू आणि शिव, एकाच देवळात. इथेच ते बहुमुखी शिवलिंग आहे ज्याच्यासाठी अलीकडे काही लोक मुद्दाम येतात. लिंगावर ओळीने लहान लहान ३५९ मुखे कोरली आहेत. मूळ लिंग धरून ३६०, असा हिशेब सांगतात. प्रत्येक मुख वेगळे उमटावे म्हणून ज्या कारागिरांनी टणक बसाल्टावर छिन्नी चालवली, त्यांच्या चिकाटीपुढे माझे शब्द तोकडे आहेत. संगम, हरिहर, बहुमुखी लिंग, मराठी लेख: एकाच आवारात हे सगळे एकत्र येणे मला योगायोग वाटत नाही. दोन नद्या, दोन पंथ, दोन भाषा जिथे रोज एकमेकांना भेटतात, तिथल्या लोकांना दोघांनाही सामावणारी देवळे हवी असतात.

मराठीचे इतर सुरुवातीचे लेख कुठे सापडले, तेही पाहू. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४चा, म्हणजे १०१२चा मानतात. त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत. अक्षी हे समुद्रकाठचे गाव, शिलाहारांच्या राज्यातले, जिथे होड्या लागत. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ हे मराठी वाक्य आहे. पूर्वी ते दहाव्या शतकाच्या अखेरचे धरत, काही अभ्यासक ते बाराव्या शतकात ओढतात. ते तर कर्नाटकाच्या पोटात. तिथे तीच गोष्ट कानडी आणि तमिळमध्येही कोरली आहे, कारण त्या टेकडीवर तिन्ही भाषांचे यात्रेकरू येत. दिवेआगरचा शके ९८२चा मराठी ताम्रपट पुन्हा कोकणकिनाऱ्याचा. मराठी मुलखाच्या मध्यावरच्या पैठण किंवा जुन्नरपेक्षा या कडेच्या गावांनी आपल्याला आरंभीची लिखित मराठी दिली.

यावरून मी असे म्हणतो, की लोकांची भाषा आधी कडेवर लिहिली जाते. राजधानीत लिहिणाऱ्याला पर्याय शोधावा लागत नाही. तिथे संस्कृत आहे, दरबाराची ठरलेली भाषा आहे, तिचे कारकून आहेत. सरहद्दीवरच्या देवळात मात्र कोरवणाऱ्याला रोज विचार करावा लागतो, की हे वाचणार कोण. यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे: दगड टिकले तिथले आपल्याला दिसतात. मध्य महाराष्ट्रातली किती देवळे पडली, किती लेख घरांच्या पायात गेले, हे कोण सांगणार? उद्या एखाद्या गढीच्या भिंतीतून कुडलपेक्षा जुना लेख निघाला, तर माझे म्हणणे मला तपासावे लागेल. पण आज हाती असलेल्या लेखांचा नकाशा काढला, तर ठिपके कडेला दाटतात, हे खरे आहे.

कुडलहून भीमेच्या काठाने वर गेले, की त्याच नदीवर पंढरपूर येते आणि तिथे पुढचा टप्पा दिसतो. १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख पुंडरीकाचा उल्लेख करतो आणि विठ्ठलाला गाव दान दिल्याचे सांगतो. त्याची भाषा संस्कृत आणि कानडी. चार दशकांच्या आत, शके ११९५ ते ११९९च्या दरम्यान, त्याच देवळात तो प्रसिद्ध चौऱ्यांशीचा लेख कोरला गेला, ज्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तो देणगीदारांची यादी आहे, त्यात रामदेवराव यादव आणि हेमाद्री पंडित आहेत, आणि तो मराठीत वाचता येतो. कुडलच्या तुळईवर अवघ्या एका वाक्यापुरती आलेली भाषा अडीचशे वर्षांत त्याच नदीवर देवस्थानाचा हिशेब लिहू लागली. यादवांची सत्ता या खोऱ्यात पसरली हे त्याचे एक कारण. पण राजाने भाषा बदलली तरी ती वाचणारे लोक आधीपासून काठावर असावे लागतात.

नकाशावरची रेषा भीमेवर आली ती फार अलीकडे. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्यरचना झाली, विजापूर म्हैसूर राज्यात गेले, सोलापूर मुंबई राज्यात राहिले आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आले. १९६७च्या महाजन आयोगाच्या अहवालाने अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर भागातली गावे कर्नाटकाला देण्याचे सुचवले, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादात दोन्ही बाजूंनी जुन्या शिलालेखांचे दाखले दिले जातात. कानडी लेख सापडला की हा मुलूख कानडी, मराठी सापडला की मराठी. कुडलचा लेख असा वापरणे मला साफ चुकीचे वाटते. तो एका भाषेच्या मालकीचा पुरावा देत नाही; दोन भाषांच्या शेजाराचा देतो.

रेषा आखली तरी पाणी सामाईकच राहिले. उजनी धरणातून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून खाली येते, औजच्या बंधाऱ्यात अडते आणि तिथल्या साठ्यातून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. त्याच पात्रात पलीकडच्या काठावरच्या कर्नाटकातल्या शेतकऱ्यांचेही पंप असतात. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले, की दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना नदीकडे डोळे लावून बसावे लागते.

अभ्यासाच्या बाबतीतही हीच भागीदारी लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा महत्त्वाचा इंग्रजी संग्रह १९८८ साली निघाला तो धारवाडचे कानडी शिलालेखतज्ज्ञ श्रीनिवास रित्ती आणि आनंद कुंभार या दोघांच्या नावावर. एकट्या मराठी अभ्यासकाला इथले बहुतांश लेख वाचताच आले नसते, कारण त्यांची लिपी आणि भाषा जुनी कानडी. आणि गावोगावच्या ठशांशिवाय धारवाडच्या विद्वानालाही वाचायला काही मिळाले नसते. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत मारुतीच्या पारापाशी, वेशीजवळ वीरगळ आणि लेखांचे तुकडे अजून पडून आहेत. काहींवर दर शनिवारी तेल-शेंदूर चढतो, काहींवर कपडे धुतले जातात. इथल्या महाविद्यालयांतून इतिहास शिकणाऱ्या मुलांतली दोन-चार जरी हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी, लिपी शिकली, तरी पुढच्या काही उन्हाळ्यांत यांतले बरेच दगड वाचून होतील.